करंगळीचा ख

मुलांना टायपिंग कितवीपासून आणि आठवड्यातून किती वेळा शिकवावं, हा प्रश्न तालुक्याच्या शिक्षण समितीसमोर आला तेव्हा समितीसमोर इतरही प्रश्न होते. पण ते अवघड होते. हा सोपा दिसला, म्हणून आधी घेतला.

टायपिंगला पुन्हा बरे दिवस आले होते ते नकलाकारांमुळे. माणसं नव्हेत, यंत्रं. कुणाच्याही आवाजाची हुबेहूब नक्कल करणारी यंत्रं एवढी स्वस्त झाली, की लोकांचे वारलेले आजोबा फोन करून पेन्शनची चौकशी करायला लागले. बँकांनी आवाजावर विश्वास ठेवणं सोडलं, मग कोर्टांनी, आणि शेवटी लग्न जुळवणाऱ्यांनीही. काय म्हणायचंय ते टाइप करा, म्हणाले. टाइप करताना कुठलं बोट कुठे रेंगाळतं, कुठल्या अक्षरानंतर अडखळतं, ही लय ज्याची त्याची असते आणि तिची नक्कल अजून कुणाला जमली नव्हती. झालं. फोनवर नुसत्या दोन अंगठ्यांनी लिहिणाऱ्या अख्ख्या पिढीला लोक अंगठेबहाद्दर म्हणायला लागले, आणि ते बरोबरच होतं.

निनाद पाटोळे सांगलीजवळच्या एका गावात, यशोदाबाई हुलवान विद्यालयात, संगणक शिकवायचा. शाळेत उशीमावशी आली तेव्हा ती चालवायचं काम आपोआप त्याच्याकडे आलं, कारण प्लग कुठे आहे ते त्यालाच माहीत होतं.

उशीमावशी हे मुलांनी ठेवलेलं नाव. खरं तर ती उशीखाली ठेवायची एक चपटी डबी होती. तिच्यामागचं विज्ञान तसं जुनंच. दिवसा शिकलेली हालचाल मेंदू झोपेत पुन्हा गिरवतो. तबला असो, सायकल असो, पोळी लाटणं असो. सरावाच्या वेळी एखादा सूर ऐकवला आणि झोपेत तोच सूर हळूच पुन्हा वाजवला, तर मेंदू नेमका तेवढाच भाग जास्त घोटतो. उशीमावशीत प्रत्येक बोटाच्या प्रत्येक कळीला एकेक सूर दिलेला होता. मूल झोपलं की ती सूर लावायची आणि मूल झोपेत बाराखडी टाइप करायचं. मराठीचे सूर निनादने स्वतः बसवले होते. आपल्या कळफलकावर काने, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला असतात आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. 'आई' हा शब्द अख्खा डाव्या हाताचा. उजवीकडची फक्त करंगळी शिफ्ट दाबून धरते, घरात एरवी बाबा करतात तेवढीच मदत.

डबीच्या झाकणावर लिहिलेलं होतं: पाचवीपासून पुढे, आठवड्यातून दोन रात्री.

निनादने ती स्वतःच्या मुलीला, शाल्मलीला, पहिलीपासून रोज लावली. समितीला दाखवायला एक नमुना मूल हवं होतं, आणि दुसऱ्याचं मूल मागायची त्याला लाज वाटली.

*

शाल्मली तिसरीत गेली तोवर तिच्या बोटांचा वेग कचेरीतल्या जुन्या टंकलेखकांना मान खाली घालायला लावण्याइतका झाला होता. त्याच सुमारास निनादच्या लक्षात आलं, की कळफलक समोर नसतानाही तिची बोटं चालू असतात. टेबलावर, मांडीवर, आंघोळीला जाताना दाराच्या चौकटीवर. आधी वाटलं, नुसती सवय. मग एका सकाळी पोह्यांच्या बशीशेजारी त्याने ती बोटं सहज वाचली.

*शेंगदाणे नकोत.*

"शेंगदाणे काढू का गं?" त्याने विचारलं.

शाल्मलीने चमच्यावरून त्याच्याकडे असं बघितलं, की बाप म्हणजे जादूगारच. निनादला फार बरं वाटलं. त्या दिवशी तिथेच थांबला असता तर ही गोष्ट पोह्यांवरच संपली असती.

काय झालं होतं ते त्याने पुढे पुस्तकांतून शोधलं. आपण मनात बोलतो तेव्हा मेंदू जिभेला आणि घशाला पुसटसा इशारा करतच असतो, आपण तो वाटेत अडवतो. मनातलं बोलणं मनात ठेवायला मूल साधारण पहिली-दुसरीच्या वयात शिकतं. नेमकं त्याच वयात रोज रात्री घोटून घोटून शाल्मलीच्या मेंदूने शब्दाला एक नवी वाट काढून दिली होती. जिभेकडची वाट तिने सगळ्या मुलांसारखी बंद केली. बोटांकडची वाट बंद करायची असते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. पाचवीत शिकणाऱ्या मुलांना हे होत नव्हतं. त्यांची दारं आधीच लागलेली होती.

हे कळल्यावर शहाण्या माणसाने डबी बंद केली असती. निनादनेही केली. एक आठवडा. मग समितीचं पत्रक आलं की नमुना मुलीचं प्रात्यक्षिक उन्हाळ्यात आहे, तयारी सुरू ठेवावी. त्याने डबी परत उशीखाली सरकवली आणि स्वतःला सांगितलं, तेवढं प्रात्यक्षिक होऊ दे.

आणि वाचणं? ते तर बंद करताच येत नव्हतं. भिंतीवरची पाटी दिसली की वाचली जाते, तसंच. निदान तो तसं म्हणायचा.

खरं सांगायचं तर त्याला मजा येत होती. वाढदिवसाला तिला काय हवंय, ते दुकानात शिरायच्या आधी माहीत असायचं. दात घासलेत की नुसता ब्रश ओला केलाय, ते माहीत असायचं. भांडणात तर तो हरतच नसे. तिच्या नकाराला तोंडापर्यंत पोचायला जेवढा वेळ लागायचा, तेवढ्यात हा बोटांवरून वाचून उत्तर घेऊन तयार. एकदा तिची बोटं सोफ्याच्या हातावर म्हणाली, *प्रात्यक्षिकाला नको जायला.* ती तोंड उघडणार, इतक्यात निनाद म्हणाला, "प्रात्यक्षिक झालं की आपण मिरजेला जाऊन पतंगांचं दुकान अख्खं बघायचं, काय?" ती उघडलेलं तोंड तसंच मिटून आत गेली.

"तुला कसं कळतं रे तिच्या मनातलं?" केतकी, त्याची बायको, म्हणाली. ती पोस्टात होती. लोकांची बंद पाकिटं दिवसभर हाताळायची आणि एकही उघडायची नाही. "मला नऊ महिने पोटात ठेवून कळत नाही."

"बाप आहे. कळतं."

हे तो जेवताना म्हणाला. शाल्मली समोरच बसली होती. तिच्या ताटाशेजारी बोटं हलली. उजवी तर्जनी, डावी मधली, पुन्हा उजवी, पुन्हा डावी: *बाबा.* मग उजवं मधलं बोट क वर. आमटीच्या वाटीआड डावी करंगळी, ओकाराची. मग उजवी करंगळी, ट. *बाबा कोट.* तेवढ्यात केतकीने तिच्या हातात ताकाचा पेला दिला आणि वाक्य तिथेच राहिलं.

कोट! निनादला वाटलं, घ्या, एवढंच ना. दुसऱ्या दिवशी त्याने भर एप्रिलमध्ये सांगलीत गरम कोट शोधला. दुकानदाराने आधी त्याच्याकडे बघितलं, मग पंख्याकडे बघितलं, आणि मग माळ्यावरून लाल कोट काढून दिला. खोल खिशांचा, गुडघ्यापर्यंत येणारा.

"हे काय?" केतकी म्हणाली.

"तिला हवा होता."

शाल्मलीने कोट हातात घेतला, उलटापालटा केला, दोन्ही खिशांत हात घालून बघितले. मग तिच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं, की निनादने केतकीकडे विजयी नजरेने बघितलं.

*

त्या दिवसापासून कोट उतरेना. पोरगी घामाने निथळायची, शेजारच्या तावरे काकू विचारायच्या, "काय गं, काश्मीरला निघालीस?" तरी कोट अंगात, हात खिशांत. जिथे कोट चालत नसे तिथे तिच्या दोन्ही हातांत काहीतरी असायचं. पाण्याच्या बाटल्या, चपला, वरणाची पातेली, एकदा तर दोन नारळ.

"पोर कामाची झाली हो," केतकी कौतुकाने म्हणायची. "रिकाम्या हाताने दिसतच नाही."

निनादला तिचं मन वाचता येईना. त्याला ते वर्तमानपत्र न आल्यासारखं वाटायला लागलं. आधी चिडचिड झाली, आणि आपण चिडतोय कशाला हे लक्षात आल्यावर स्वतःचीच लाज वाटली. त्याने ती लाज भज्यांबरोबर गिळायचा प्रयत्न केला. गिळली गेली नाही.

उलगडा झाला तो शाळेत, पाचवी ब च्या तासाला. त्या दिवशीचा धडा शिफ्टचा होता.

"क आणि ख मध्ये फरक काय?" निनादने रोजच्या सवयीने विचारलं.

"करंगळी, सर!" सगळी पोरं ओरडली.

"कुठली?"

"डावी!"

बरोबर होतं. क आणि ख एकाच कळीवर. ख हवा असेल तर आधी डाव्या करंगळीने शिफ्ट दाबायची. म्हणजे 'खो' लिहिताना डावी करंगळी दोनदा हलते. एकदा शिफ्टला, एकदा ओकाराला. निनादला आमटीची वाटी आठवली. वाटीआड करंगळी दोनदा हलली होती. त्याने एकदाच मोजली होती.

*बाबा कोट* नव्हतंच ते. *बाबा खोट* होतं, आणि पेला आडवा आला नसता तर पुढचा अनुस्वार आणि 'बोलतो'ही आलं असतं.

"सर, बसा ना," पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली. "तुम्ही पांढरे झालात."

*

घरी आला तेव्हा शाल्मली गॅलरीत कोट घालून उभी होती. उन्हाकडे बघत.

"शाल्मली, तुला कोट नको होता ना?"

"नको होता," ती म्हणाली. "पण खिसे आवडले."

"तुला कधी कळलं?"

"शेंगदाण्यांच्या नंतर. थोड्या दिवसांनी." तिने वळून बघितलं नाही. "तू बोलताना माझ्या तोंडाकडे बघतच नाहीस, बाबा. आई तोंडाकडे बघते. तू इथे बघतोस." कोटाच्या खिशात काहीतरी उंदरासारखं हललं. "आणि मग म्हणतोस, बाप आहे, कळतं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला कळत होतं ना सगळं."

निनाद म्हणाला, "डबी आजपासून बंद."

"बंद केलीस तरी बोटं चालतात. तू मागे केली होतीस ना आठवडाभर. मला माहितीये." मग अगदी सहज, गृहपाठाबद्दल विचारावं तसं तिने विचारलं, "मी मोठी झाल्यावर पण सगळे वाचतील?"

निनाद तिला खोटं सांगू शकला असता. त्याची बोटं काही कुणाला वाचता येत नव्हती.

"हो," तो म्हणाला. "आत्ता काही केलं नाही तर."

*

समितीच्या बैठकीला निनाद एकटाच गेला.

"नमुना कुठाय?" सभापती हुलवान साहेबांनी विचारलं. शाळा त्यांच्या आजीच्या नावाची होती, आणि तिथल्या खुर्च्यांवर ते तसेच बसायचे.

"घरी आहे. येणार नाही म्हणाली."

"म्हणाली म्हणजे? टाइप करून?"

"तोंडाने."

मुख्याध्यापिका देवकुळे बाईंनी घसा साफ केला. निनादने उभं राहून सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही. झाकणावर काय लिहिलंय आणि त्याने काय केलं, मेंदूतली वाट, पोहे, कोट. टायपिंग शिकवा, तो म्हणाला, पण पाचवीच्या आधी नको, आठवड्यातून दोनदाच, आणि तेही जागेपणी, बाकावर बसवून. त्याहून लवकर आणि त्याहून जास्त शिकवलं, तर मुलाच्या मनातलं सगळं बोटांवर येतं. आयुष्यभर. ते मूल काहीच लपवू शकत नाही.

निनादला वाटलं, झालं, आता डब्या परत जाणार. नोकरी जाईल ती जाईल.

"एक मिनिट, पाटोळे," हुलवान साहेब म्हणाले. "म्हणजे पोरं खोटं बोलू शकणार नाहीत?"

"नाही."

"गृहपाठ का नाही केला, ते खरं कळणार?"

"हो, पण साहेब..."

"कॉपी कुणी केली, काच कुणी फोडली?"

"साहेब, मी म्हणतोय की..."

"अहो मग हे आधी सांगायचं ना! आम्ही इथे स्पीड, स्पीड करत बसलोय!"

देवकुळे बाईंचे डोळे पाणावले. तीस वर्षं शिकवलं, त्या म्हणाल्या, पण वर्गाच्या मनात काय चाललंय ते कधी कळलं नाही. एका सदस्यांनी बालवाडीपासून सुरू करावं असं सुचवलं. दुसरे म्हणाले, आठवड्यातून दोनदा काय, रोज रात्री, आणि दुपारी झोपणाऱ्यांना दुपारीही. तिसऱ्यांनी हळूच विचारलं, "मोठ्या माणसांवर चालतं का हो हे?"

"नाही," निनाद म्हणाला.

सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, टेबलावरचे कागद उडाले. ठराव एकमताने मंजूर झाला. शिक्षकांना बोटं वाचायला शिकवण्यासाठी अंगुलीवाचन प्रशिक्षक हे नवं पद निघालं, आणि जिल्ह्यात ती विद्या येणारा एकच माणूस असल्यामुळे ते तिथल्या तिथे निनादला मिळालं. भजी आली. हुलवान साहेबांनी स्वतःच्या हाताने त्याला भरवलं.

आपण एका पोरीचं वाटोळं केलं होतं. आता तालुक्याचं केलं. तेही खरं बोलून.

*

"तू तिचं वाचत होतास," केतकी म्हणाली. त्याने घरी येऊन तिलाही सगळं सांगितलं होतं. ती ओरडली नाही. "इतके दिवस. आणि मी म्हणायचे, बाप असावा तर असा."

"डब्या पुढच्या महिन्यात वाटणार आहेत. सगळ्या शाळांत."

"सूर कोण बसवणार?"

"मीच."

"मग?"

हे 'मग' पोस्टातलं होतं. खिडकीशी येऊन नुसतं उभं राहणाऱ्या माणसाला ती असंच 'मग' म्हणायची. निनाद त्या 'मग'कडे बराच वेळ बघत बसला, आणि मग त्याला दिसलं. सूर तोच बसवणार होता. कुठला सूर कुठल्या अक्षराचा, हे फक्त त्याच्या फाइलीत ठरत होतं. क उजव्या मधल्या बोटावरच हवा, असं देवाने सांगितलेलं नाही. शाळेचे कळफलक काचेचे होते. मुलाने नाव सांगितलं की अक्षरं हवी तिथे उमटवता येत होती. प्रत्येक मुलाला वेगळा कळफलक दिला, तर टायपिंग येईल, वेग येईल, लय येईल. मनातलं बोटांवर आलं तरी ते त्या मुलाच्या एकट्याच्या लिपीत असेल.

समितीला हे सांगायचं नाही, असं त्याने ठरवलं. खरं बोलण्याचा त्याचा अनुभव ताजा होता.

आणि सुरुवात घरापासून. जुनी वाट बुजत नसली तर तिच्यावरून नवी घालायची. रविवारी सकाळी त्याने काचेचा कळफलक टेबलावर ठेवला, सगळी अक्षरं सुटी केली आणि शाल्मलीला म्हणाला, "तुला हवी तशी लाव. मला सांगू नकोस. आईला पण नाही. सूर यंत्र आपोआप बसवेल, मी ती फाइल उघडणार नाही."

"कशावरून?"

"कशावरूनच नाही," निनाद म्हणाला. "माझ्याकडे दाखवायला काहीच नाहीये."

शाल्मलीने विचार केला. खिशात बोटं काहीतरी म्हणाली. मग तिने कोट काढून खुर्चीवर टाकला.

"भिंतीकडे तोंड कर."

त्याने केलं.

"डब्यात दिसतंय तुला." समोरच्या फळीवर स्टीलचा पिठाचा डबा होता. निनादने डोळे मिटले. मागे काचेवर अक्षरं सरकल्याचे आवाज येत होते. मध्येच ती खुदकन हसली. 'आई' कुठे ठेवली असेल? 'बाबा' किती लांब टाकले असतील? त्याला फार जाणून घ्यावंसं वाटलं, आणि त्या वाटण्याची लाज वाटली. दोन्ही एकदम वाटत राहिलं.

*

पावसाळ्यात डब्या वाटल्या गेल्या. अंगुलीवाचन प्रशिक्षक म्हणून निनाद शाळाशाळांतून फिरला आणि शिक्षकांना मन लावून चुकीचं शिकवलं. तक्रारी यायला लागल्या. पोरांची बोटं हलतात, पण अर्थ लागत नाही. 'पोरं कानडीत विचार करतात काय?' असं हुलवान साहेबांनी जाहीर सभेत विचारलं, आणि सीमाभागाच्या प्रश्नाला विनाकारण उजाळा मिळाला. निनादने गंभीर चेहऱ्याने आणखी संशोधनाची गरज व्यक्त केली. पगार तो घेत होता. त्याचंही त्याला वाईट वाटायचं, पण त्याच्याकडच्या वाईट वाटण्याच्या गोष्टींत ती खालून पहिली होती.

शाल्मलीची बोटं नव्या वाटेला लागायला दिवाळी उजाडली. सुट्टीतल्या एका सकाळी ती थालीपीठ खात होती, घासांच्या मध्ये दोन्ही हात टेबलावर उघडे, मोकळे. बोटं चालू होती. निनादची नजर सवयीने तिकडे गेली आणि सवयीने वाचू लागली. ढ. औकार. ठ, की झ? ळ ला वेलांटी. काही नाही. नुसती चुरचुर, पत्र्यावरच्या चिमण्यांसारखी.

त्याने नजर उचलून तिच्या चेहऱ्याकडे नेली. तिथे लोणी लागलं होतं. बाकी काही कळत नव्हतं.

"शाल्मली," तो म्हणाला, "माझा राग आहे अजून?"

"नाही," ती म्हणाली आणि घास घेतला.

बोटं मात्र थांबली नाहीत. ती बराच वेळ चालत राहिली, मध्येच वेग घेत, मध्येच एकाच जागी घुटमळत. 'नाही' हा शब्द कुठल्याही कळफलकावर एवढा लांब नसतो.

निनादने विचारलं नाही. तव्यावरचं दुसरं थालीपीठ काढून तिच्या ताटात वाढलं, आणि ती पुढे तोंडाने काही म्हणतेय का, याची वाट बघत बसला.